बेसाच्या खोलीतली पेटी

फोनवर मोरेश्वरचं नाव दिसलं तेव्हा मी पोहे परतत होते. सकाळी सकाळी त्याचा फोन आला म्हणजे एकच अर्थ असायचा, की कुठेतरी काहीतरी बंद पडलं होतं आणि ते त्यानं कसं सुरू केलं हे मला आता साग्रसंगीत ऐकावं लागणार. म्हणून हॅलोही न म्हणता मी विचारलं, "आता काय बंद पडलं गा?" फोनवर त्याची बायको होती. सुनंदावहिनी म्हणाल्या, "ताई, हे गेले..." अंघोळ करून तो नेहमीसारखा वरच्या खोलीत गेला होता, खुर्चीत बसला होता. चहासाठी हाक मारली तरी उतरला नाही म्हणून वहिनी वर गेल्या. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी गॅस बंद केला की नाही हे आज मला आठवत नाही, पण माझा तो पहिला प्रश्न मात्र अजून जशाचा तसा कानात आहे.

मोरेश्वर वेब होस्टिंगचा धंदा करायचा. हे ऐकून त्याच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर जे भाव यायचे ते वाचकांच्याही येतील, म्हणून सांगते. तुमच्या दुकानाची, शाळेची, मंगल कार्यालयाची वेबसाइट कुठल्यातरी कॉम्प्युटरवर राहत असते. तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि कोणी साइट उघडायला गेलं की पान झटकन समोर आणून ठेवायचं, हा त्याचा धंदा. यातलं 'झटकन' त्याच्या जिव्हाळ्याचं होतं. चाकरी सोडून हा वरच्या खोलीत नक्की काय करतो, हे त्याच्या सासरच्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मला कळलं, कारण आमची गाठच त्यातल्या एका कामावरून पडली.

मी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत टेक्निशियन होते, आता निवृत्त झाले. तिथे निगेटिव्ह रक्तगट लागला की नातेवाइकांच्या नाकी नऊ यायचे. माझ्या मोबाइलमध्ये मी ओळखीच्या रक्तदात्यांची नावं ठेवली होती आणि वेळ आली की एकेकाला फोन लावत बसायचे. मोरेश्वरचा गट बी निगेटिव्ह. कुणा मित्राच्या आईसाठी तो रक्त द्यायला आला होता. हातात चेंडू दाबत पडल्या पडल्या माझी फोनाफोनी ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "ताई, असं एकेकाले किती दिवस फोन करान? नेटवर टाकून देऊ ना यादी. ज्याले पाह्यजे तो पाहून घेईन." पलंगावर पडलेली माणसं रक्त देताना फार उदार होतात, उठल्यावर विसरतात, असा माझा अनुभव. त्यामुळे मी नुसतं हो हो केलं. पुढच्याच आठवड्यात तो यादीचं पान तयार करून हजर. रक्तगट निवडायचा, की नावं, मोहल्ला, फोन नंबर आणि पुढे एक रकाना, 'आज देऊ शकतो' किंवा 'अजून नाही'. एकदा रक्त दिलं की तीन महिने थांबावं लागतं, म्हणून तो रकाना. आम्ही जयभीमवाले, हे कळल्यापासून तो फोनवर आधी "जयभीम ताई" म्हणायचा आणि मग थेट भांडायला सुरुवात करायचा. आमची मैत्री ही अशी, निम्मी भांडणातली.

त्याचं सुरुवातीचं ऑफिस गांधीबागेत, वडिलांच्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत. खाली लुगडी-धोतरांचे गठ्ठे, ते ओलांडून अरुंद जिना चढायचा, आणि वर घरघर करणाऱ्या कॉम्प्युटरच्या पेट्या मांडून हा बसलेला. त्या वेळच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरायची, तिचा बारीक आवाज सतत यायचा. नागपूरचा मे महिना, वर पत्र्याचं छप्पर. पेट्या तापायला लागल्या तेव्हा आपल्या ह्या हुशार माणसानं काय करावं? खिडकीत कूलर बसवला! वाळ्याचे नवे ताटे, म्हणजे पडदे, लावलेला, टाकीत पाणी भरलेला, आपण घराघरात लावतो तसला भलामोठा कूलर. खोली गार झाली, वाळ्याचा वास सुटला, हा खूश. दमट हवा पेट्यांच्या पोटात शिरत होती हे त्याच्या गावीही नव्हतं. एका दुपारी आतून चर्र झालं आणि त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट एकदम बसल्या. मी चिडवलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, माणसाला गार लागतं तसं मशीनलाही लागेल असं वाटलं. मग एसी आला आणि कूलर खाली दुकानात गेला. त्याच्या वडिलांना ही त्या धंद्यातली पहिली समजणारी गोष्ट वाटली असावी. दुपारी ते कूलरपुढे पाय पसरून बसत आणि पोरगं बरं कमावतं म्हणून गिऱ्हाइकांना सांगत.

यादी वाढली तसं पान रेंगाळायला लागलं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली नेटवर्क जेमतेम. तिथेच नातेवाईक उभे असायचे, हातात स्वस्तातला फोन, आणि स्क्रीनवर ते गोल चाक फिरत राहायचं. एका बाईंना पान उघडतंय का बघत रडताना मी पाहिलं आणि ते मोरेश्वरला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जुनाट फोन घेऊन तो स्वतः त्या जिन्याखाली येऊन उभा राहिला. तिथून पुढे ही त्याची सवयच झाली. कुठल्याही साइटला हात लावला की आधी आमच्या जिन्याखाली येऊन उघडून बघायची. सुरक्षारक्षक त्याला पेशंटचा भाऊ समजायचे आणि धीर द्यायचे. एका मंगल कार्यालयाच्या मालकाला वेबसाइटवर कारंजं हवं होतं, उडणारं, रंगीत. मोरेश्वरनं त्यांना चक्क आमच्या जिन्याखाली आणून उभं केलं आणि त्यांच्याच हातात फोन दिला. तुमचं कारंजं उडेपर्यंत माणूस दुसऱ्या हॉलमध्ये जेवून परत येईल, असं त्यांना तोंडावर सांगितलं. कारंजं गेलं, गिऱ्हाईकही गेलं. वहिनी महिनाभर तोंड फुगवून होत्या.

तर पान लवकर उघडावं म्हणून त्यानं जे केलं त्याला कॅशिंग म्हणतात. मला ते त्यानं वडिलांच्या गादीवर बसवून समजावलं. दुकानात शेकड्यानं लुगडी, पण मागचं गोदाम अंधारं आणि लांब. त्याचे वडील सकाळी दुकान उघडलं की आदल्या दिवशी लोकांनी जे जे मागितलं ते आधीच काढून गादीच्या उजव्या हाताला ठेवत. गिऱ्हाईक टेकतंय न टेकतंय तोच लुगडं पुढ्यात. "बाबाले गोदामात जा लागत नाई," मोरेश्वर म्हणाला. "आपणबी तसंच करू. पान एकदा बनवलं का त्याची कॉपी हाताशी ठेवायची. कोणी मागितलं का तेच द्यायचं, पुन्हा पुन्हा आत जायचं नाई." मला पटलं. जिन्याखालीसुद्धा पान पटकन उघडायला लागलं, आणि आम्ही दोघं स्वतःवर बेहद्द खूश झालो.

माझ्या भावाची मुलगी सोनल. तिला सिकल सेल, रक्तातला जन्मजात आजार. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना वेगळं सांगायला नको, इतरांना एवढंच सांगते, की लेकरू हसतखेळत असतं आणि एक दिवस अंग असं दुखायला लागतं की बघवत नाही, आणि कधी कधी तातडीनं रक्त द्यावं लागतं. सोनलचा गट बी निगेटिव्ह. तेव्हा ती शाळेत होती. तिला भरती केलं, रक्त पाहिजे म्हणाले, पेढीत त्या गटाची पिशवी नव्हती. भावानं यादी उघडली. एका नावासमोर 'आज देऊ शकतो' असं होतं. त्या माणसाचा फोन लागेना, म्हणून भाऊ थेट त्याच्या घरी पोचला. दार उघडून त्या भल्या माणसानं हातावरची पट्टी दाखवली. त्यानं सकाळीच दुसरीकडे रक्त दिलं होतं, तसं यादीत नोंदवलंही होतं. पण आमचं पान होतं त्याच्याही आधीचं. हाताशी ठेवलेली कॉपी ती, तिला काय माहीत... तिकडे पोर कळवळत होती आणि आमची सगळी दुपार त्या एका ओळीनं खाल्ली. मोरेश्वर त्या दिवशी बाहेरगावी, खाप्याला मामेबहिणीच्या लग्नात होता. माझा फोन गेला तेव्हा पंगतीत बसला होता, तसाच उठून आला, आणि सोनलला त्याचंच रक्त चढलं. पान शिळं होतं हे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं.  एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा हा माणूस नुसता सोनलच्या पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. मला त्याची फार दया आली, आणि तसं म्हणायची सोय नव्हती.

नंतर त्यानं एक कायदा केला आणि मरेपर्यंत पाळला. नावं, पत्ते, पानाचा रंग, वरची माहिती हे सगळं हाताशी ठेवायचं, जुनं असलं तरी चालेल. पण 'आज देऊ शकतो' हा रकाना कधीही साठवायचा नाही. प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसासाठी तो आतून ताजा आणायचा. आता अडचण अशी, की त्याच्या पेटीतली तबकडी फिरून फिरून माहिती शोधायची, आणि एकाच वेळी बरेच लोक आले की हा ताजा रकाना पुन्हा रेंगाळायचा. तेव्हा नव्या तऱ्हेच्या डिस्क निघाल्या होत्या, एसएसडी. त्यात काही फिरत नाही, मागितलं की लगेच हातात. नागपुरात त्या तेव्हा सहज मिळायच्या नाहीत आणि होत्या भारी महाग. त्यानं पहिली मागवली ती कुठल्याही पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नाही, तर आमच्या फुकट्या यादीसाठी. वहिनींनी विचारलं, धंदा करता की धर्मादाय? तो म्हणाला, "बाकीच्यायचं पान उशिरा उघडलं तर माणूस दुसऱ्या दुकानात जाते. इथं कुठं जाईन?"

ती डिस्क बसवली आणि खोलीतल्या त्या एका पेटीचा आवाजच गेला. आयुष्यभर घरघर ऐकलेल्या माणसाला ते काही सोसेना. चालू आहे की बंद पडलं, कळायचं कसं? हिरवा दिवा असायचा, स्क्रीनवर दिसायचं, पण त्याचं समाधान होत नसे. खोलीत आला, की पहिल्यांदा त्या पेटीवर तळहात ठेवायचा, लेकराला ताप आहे का बघावं तसा. गरम लागली की म्हणायचा, "चालू हाये." खोलीतून जाताना पुन्हा एकदा तेच. मी त्याची पुष्कळ नक्कल केली, भर पाहुण्यांतही केली. तो हसायचा आणि हात ठेवायचाच.

वडील गेल्यावर गांधीबागेतलं दुकान बंद झालं आणि तो शहराच्या टोकाला, बेसाला राहायला गेला. नवं घर, वरच्या मजल्यावर खोली, दोन-दोन इंटरनेट, इन्व्हर्टर. गिऱ्हाइकांच्या साइट त्यानं हळूहळू मोठ्या ठिकाणी भाड्यानं घेतलेल्या मशीनवर हलवल्या. आमची यादी तेवढी घरच्या पेटीवर ठेवली. तिकडे जास्त सुरक्षित राहील, असं मी म्हटलं तर म्हणाला की बाकीचं सगळं तिकडे नेलं, ही एक नजरेसमोर राहू दे. सोनल मोठी झाली, आता शाळेत शिकवते. औषधांनी आता बरीच सावरली आहे. वाढदिवसाला ती त्याच्याकडे जायची आणि मोरूकाकांच्या रक्तामुळे मला गणित येत नाही म्हणून सांगायची. त्याला मूलबाळ नव्हतं. यावर तो इतका खूश व्हायचा की वहिनी दुसरीकडे बघायच्या.

तो गेल्यावर आम्ही सगळं रीतसर केलं. त्याच्या सहकाऱ्यानं गिऱ्हाइकं सांभाळली. यादी चालूच होती, ती कुणाला काही मागत नव्हती. मोरेश्वरनं जाण्याच्या थोडेच दिवस आधी रक्त दिलं होतं, त्यामुळे त्याच्या नावासमोर 'अजून नाही' असं होतं. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही, की तीन महिने भरले की तो रकाना आपोआप बदलतो...

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. मोरेश्वरचा मोबाइल त्या अजून चार्ज करून ठेवतात. त्यावर एका माणसानं फोन केला होता, मुलगी भरती आहे, बी निगेटिव्ह पाहिजे, यादीत तुमच्या नावापुढे देऊ शकतो असं दिसतं, भाऊ, येता का? वहिनींनी सांगितलं की ते आता नाहीत. तो माणूस माफ करा म्हणाला आणि फोन ठेवायला लागला.  मग वहिनींनीच त्याला धरून ठेवलं, दुसऱ्या फोनवरून मला सांगितलं, आणि मी दुसरा दाता गाठून दिला. त्या मुलीला रक्त मिळालं. हे सगळं मार्गी लागल्यावर वहिनी म्हणाल्या, "ताई, यादीतून यायचं नाव काढून टाका. आजच या."

दुपारी मी सोनलला घेऊन बेसाला गेले. वरची खोली तशीच. खुर्ची, तिच्यावरचा टॉवेल, टेबलावरची ती मुकी पेटी. यादीत बदल करायचा पासवर्ड पहिल्यापासून माझ्याकडे, म्हणून कॉम्प्युटरपुढे मी बसले. बी निगेटिव्ह उघडलं. मोरेश्वर, बेसा, फोन नंबर, आज देऊ शकतो. माझा हात काही पुढे जाईना. सोनल माझ्या खांद्यामागे उभी होती. ती म्हणाली, "आत्या, राहू दे ना नाव. नंबर फक्त काढ. नुसतं नाव असलं तर कोणाचं काय जाते?" मलाही तेच पाहिजे होतं, खोटं कशाला सांगू. रकान्यात 'अजून नाही' लिहिलं असतं तरी काम भागलं असतं, असं मी मनात जुळवतही होते. वहिनी दाराशी उभ्या होत्या. आवाज न चढवता सोनलला म्हणाल्या, "तुह्या वेळी एक माणूस असाच दिसत होता यादीत, अन् नव्हता. इसरली का?"  सोनलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ती ओळ निवडली, आणि काढली.

कॉम्प्युटरवर यादी जशी मी बदलली तशी दिसणारच होती. वहिनींना त्यावर भरवसा नसावा. त्यांनी मोरेश्वरचा तोच जुनाट फोन घेतला, जिन्याखाली न्यायचा तो, आणि त्यावर पान उघडलं. त्यांना वाटलं असावं की निदान ह्या फोनवर तरी त्याचं नाव थोडा वेळ राहील, संध्याकाळपर्यंत, एखादा तास... मलाही तसं वाटलं, आणि त्याच क्षणी आठवलं की नाही, हा रकाना त्यानं कधी साठवूच दिला नव्हता. ज्याचा रकाना आत सापडत नाही त्याची ओळच पान दाखवत नाही. स्वतःसाठीसुद्धा त्यानं सवलत ठेवली नव्हती. पान उघडलं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. यादी त्याच्याशिवाय होती. खालची नावं एकेक घर वर सरकली होती.

वहिनी फोनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यायनं हे एवढं फास्ट काहून करून ठेवलं, ताई?"

 सोनल खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि मी उगाच टेबलावरच्या वायरी नीट करत बसले. खाली चहा ठेवते म्हणून वहिनी उठल्या. आम्हीही उठलो. दिवा घालवायच्या आधी त्या टेबलापाशी थांबल्या, आणि पेटीवर तळहात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या.

"चालू हाये," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार ओढून घेतलं.